व्हीटेक विकू नकोस

दादरा

चि. भाचीस,

पत्र मिळालं. पुढच्या महिन्यात तू इथल्या सुताच्या कारखान्यात रुजू होणार, याचा आम्हा दोघांनाही फार आनंद झाला. मामीने तुझी खोली आवरायला घेतलीसुद्धा. पण तुझ्या पत्रात नोकरीच्या चार ओळी आणि बाकी सगळ्या गाड्याच, तेव्हा मीही गाड्यांवरच लिहितो. घरची 2001 ची होंडा सिटी व्हीटेक विकायची, वर कर्ज काढायचं आणि मुंबईच्या कुणा दलालाकडून 1990 ची माझदा एमएक्स-5 घ्यायची, हा तुझा बेत वाचला. तो सोडून दे.

दलालाचा विषय आधी संपवू. परदेशातून वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही. 1990 च्या गाडीचे ‘कागद करून देतो’ म्हणणाऱ्याचे कागद खोटेच असणार. उद्या जप्ती आली तर ती तुझ्या दारात येईल, त्याच्या नाही. नवी आणावी म्हटलं तरी शुल्क, उपकर आणि जीएसटी धरून किंमत दुपटीच्या पलीकडे जाते. पहिल्या पगाराच्या मुलीने यात पडू नये.

आता तुझ्या आवडीविषयी. ती खरी आहे, आणि मला तिचा अभिमान आहे. 1989 हे जपानी गाड्यांचं सोन्याचं वर्ष. त्याच वर्षी एमएक्स-5 आली, निसानची आर-32 जीटी-आर आली आणि होंडाने इंटिग्रामध्ये पहिल्यांदा व्हीटेक इंजिन बसवलं. पण या परंपरेचं मूळ बघ. 1969 ची पहिली जीटी-आर चार दारांची सलून होती. डोंगरवाटांवर नाव कमावलेली टोयोटाची एई-86 ही कोरोलाच, फक्त सोळा व्हॉल्व्हचं इंजिन घातलेली. भाजी आणणाऱ्या, मुलांना शाळेत सोडणाऱ्या गाडीतून जपान्यांनी धावणारी गाडी घडवली, म्हणून ती साध्या पगारदाराच्या हातात आली. मला या गाड्यांबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो याच गोष्टीमुळे.

तुमच्या दारातली सिटी त्याच घराण्यातली आहे. त्या पिढीची सिटी जुन्या सिव्हिकच्या पायावर बांधली होती. दीड लिटरचं इंजिन, शंभराच्या थोडी वर अश्वशक्ती, वजन टनाच्या आसपास. पहिल्या एमएक्स-5 चे आकडे काढून शेजारी ठेव, फार दूर नाहीत. ती मागच्या चाकांवर चालते आणि छत उघडतं, हा फरक मोठा आहे, मान्य. पण व्हीटेक तुझ्याकडे आहे. कॅमशाफ्टवर दोन तऱ्हेचे उंचवटे असतात. कमी फेऱ्यांवर इंजिन एकाने श्वास घेतं आणि फेऱ्या वाढल्या की तेलाच्या दाबाने एक खीळ सरकून दुसरा उंचवटा व्हॉल्व्ह जास्त उघडू लागतो. गावात पेट्रोल वाचवणारं इंजिन मोकळ्या रस्त्यावर सूर बदलतं. तुझ्या बाबांनी ती गाडी नवी घेतली तेव्हा तो सूर ऐकण्यासाठी मी मुद्दाम पुण्याला आलो होतो.

इथे रोज कुठे चालवशील तेही सांगतो. दादरा हा चारी बाजूंनी गुजरातने वेढलेला तुकडा आहे. सिल्वासाला जाताना लवाछ्याच्या बाजूला गुजरात लागतं आणि मग पुन्हा आपला प्रदेश. वापी ते सिल्वासा हा रस्ता सुताच्या, प्लास्टिकच्या, रसायनांच्या ट्रकांचा. पाळी सुटली की हजारो कामगार सायकलींवर आणि पायी त्याच रस्त्यावर येतात, कित्येकदा अंधारात. त्यांच्यामधून गाडी काढताना वेगाचा विचारही मनात आणू नकोस. तो रस्ता आधी त्यांचा आहे. गुजरातेत दारूबंदी असल्याने शनिवार-रविवारी पिण्यासाठी इकडे येणाऱ्यांची गर्दी असते आणि रात्री तीच मंडळी परत गाडी हाकतात. शनिवारी काळोख पडल्यावर तू वापीच्या रस्त्यावर दिसता कामा नयेस.

चालवण्याची मजा हवी तर रविवारी पहाटे खानवेलकडे जा. झाडी आहे, वळणं आहेत, आणि पुढे दुधनीकडे मधुबन धरणाचं पाणी. पण वळणावर पलीकडे वारली बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चालत असेल, हे धरूनच वळायचं. ‘इनिशियल डी’ या चित्रकथेतला मुलगा तुझा लाडका आहे ना? तो एई-86 मधून टोफू पोचवतो आणि बाप त्याला पाण्याने भरलेला पेला गाडीत देतो, सांडता कामा नये म्हणून. तू ताकाचा पेला ठेव. ब्रेक सरळ रस्त्यावर, वळण सुरू होण्याआधी. वळणात पाय स्थिर. तुझी गाडी पुढच्या चाकांवर ओढली जाते, जास्त वेगाने शिरलीस तर नाक बाहेर पळेल, आणि घाबरून पाय एकदम काढलास तर शेपूट सुटेल. साठच्या जागी एकशेवीसने धडक बसली तर आघाताची ऊर्जा चौपट होते. आजच्या गाडीसारख्या एअरबॅगांचा आधार सिटीत नाही. पट्टा मागे बसणाऱ्यांनीही लावायचा. 2022 च्या सप्टेंबरात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, ते पट्टा न लावता मागच्या सीटवर होते. गाडी महाग होती, मजबूत होती. तू मुंबईला जाशील तेव्हा याच पुलावरून जाशील.

मोठा सायलेन्सर, खाली बसवलेले स्प्रिंग, रंगीत दिवे यांचं नाव काढू नकोस. कंपनीच्या मूळ रचनेत बदल करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. शिवाय कामगार वस्तीतून रात्री मोठा आवाज करत जाणं ही असभ्यता आहे. तो पैसा टायरांवर घाल. इथला पाऊस पाहिला नाहीस अजून, चार-चार दिवस थांबत नाही. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत दिसली तरी फार जुनं टायर ओल्यावर धरत नाही. खरा वेग अनुभवायचा असेल तर रजा काढून कोइम्बतूरच्या करी ट्रॅकवर शिकायला जा. निम्मा खर्च माझा.

निघण्यापूर्वी पुण्यात एवढं करून घे. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते बाबांना विचार. पक्कं आठवत नसेल तर बदलच, कारण या इंजिनात तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, 2001 च्या गाडीचे रबरी पाइप त्यासाठी बनवलेले नाहीत, तेही नवे घाल. नोंदणीचं नूतनीकरण 2016 आणि 2021 मध्ये झालं होतं, पाच वर्षांची मुदत यंदा संपते. फिटनेस तपासणी पुण्यातच उरकून ये. इथे बारा महिन्यांहून जास्त राहिलीस तर पुणे आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र लागेल, त्यासाठी बाबांच्या सह्या आत्ताच घेऊन ठेव. सगळे मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत आण, आणि दिवसाउजेडी ये.

तुझा,
मामा