सड्यावरची फुले आणि शंभरावे मेंढरू

सातारा जिल्ह्यातील पाटण हे कोयनेच्या काठी वसलेले गाव. भोवतीच्या डोंगरांचे माथे सपाट आहेत. वनकुसवडे, चाळकेवाडी, त्यापलीकडे कास, ही सारी जांभ्या दगडाची पठारे. या कातळी माथ्यांना सडा असेही म्हणतात. येथे माती असते ती बोट-दोन बोटे, तीही खडकाच्या खळग्यांत. पावसाळ्याचे चार महिने सडा पाण्याखाली भिजत राहतो आणि पुढचे सात-आठ महिने तव्यासारखा तापतो. शेतकरी ज्या जमिनीकडे पाठ फिरवील, अशी ही जमीन. तरीही भाद्रपद-आश्विनात तिच्यावर जो फुलांचा गालिचा पसरतो, त्याची तोड सुपीक मळ्यात सापडत नाही. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा मानले, तेव्हा कासचे पठार आणि कोयना अभयारण्य या दोहोंचा त्यात समावेश झाला.

ही रोपे तगतात कशी? सततच्या पावसाने मातीतील नत्र धुऊन जाते, म्हणून निळीजांभळी ‘सीतेची आसवे’ भुईखालच्या सूक्ष्म फुग्यांत पाण्यातील जीव ओढून घेते. दवबिंदू ही वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांनी कीटक धरते. वायतुरा उन्हाळाभर कंदाच्या रूपाने भुईत निजून राहतो. या वायतुऱ्याच्या एका जातीच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. १९८२ साली तिची शास्त्रीय नोंद झाली. सर्वांत विलक्षण म्हणजे खडकावरची काही गवते व नेचे. यांची पाने ९५ टक्क्यांपर्यंत पाणी गमावून काडीसारखी होतात आणि पहिल्या सरींनंतर काही तासांत पुन्हा हिरवी होऊ लागतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी अलीकडेच पश्चिम घाटात अशा ६२ जाती नोंदविल्या. शास्त्रज्ञ त्यांना पुनरुत्थान पावणाऱ्या वनस्पती म्हणतात. आम्हा ख्रिस्ती जनांना हा शब्द ऐकून थबकावेसे वाटणारच! परंतु ते गवत मेलेले नसते. पेशींतील विशिष्ट शर्करांच्या आधाराने त्याचा प्राण आत जपलेला असतो. प्रभूचे पुनरुत्थान ही निराळी गोष्ट आहे; उपमा सुंदर असली तरी ती फार ताणू नये.

सड्यावरचे हे बदल दीर्घ काळात घडले. पण ताण तीव्र असेल तर वनस्पती आश्चर्यकारक वेगाने बदलतात, हेही आता सिद्ध झाले आहे. कॅलिफोर्नियात मोहरीच्या कुळातील एका रानरोपाचे १९९७ सालचे बी जपून ठेवलेले होते. त्यानंतर तेथे काही वर्षे अवर्षण पडले. २००४ साली गोळा केलेले बी आणि ते जुने बी शेजारी शेजारी पेरले, तेव्हा नव्या पिढीला फुले लवकर आली. एका ठिकाणच्या रोपांना तर आठ दिवसांहून अधिक लवकर. पाणी संपण्यापूर्वी बी धरावे, हे ते रोप अवघ्या सात पिढ्यांत ‘शिकले’. आनुवंशिकतेचे नियम मटाराच्या वेलींवरून प्रथम उलगडणारे ग्रेगोर मेंडेल हे ऑगस्टिनियन मठवासी होते, हे आपल्या मुलांना अवश्य सांगावे.

मात्र ‘शिकले’ हा शब्द फसवा आहे. कोणतेही एक रोप काही शिकले नाही. ज्यांना उशिरा फुलण्याचा स्वभाव होता ती बहुतांशी बी न धरताच वाळली. जी थोडी लवकर फुलत होती त्यांचेच वंशज उरले. जात टिकली, पण तिची किंमत वाळलेल्या रोपांनी मोजली.

आमचा प्रश्न येथून सुरू होतो. दुःखात पडलेल्याला आपण सहज म्हणतो, ‘संकटानेच माणूस घडतो, ती खडकावरची फुले पाहा.’ प्रवचनांतूनही हा दाखला येतो. धीर देण्यासाठी तो ठीकही असेल. परंतु जो दाखला तगलेल्यांकडे पाहून दिला जातो, त्यात न तगलेल्यांना जागा नसते. शंभरातील एक मेंढरू हरवले तर निसर्ग नव्याण्णवांना घेऊन पुढे जातो. प्रभू येशूच्या दाखल्यातील मेंढपाळ मात्र नेमका त्या एकासाठी माघारी वळतो. उत्क्रांतिवाद आणि श्रद्धा यांचे भांडण आम्ही येथे उकरून काढत नाही. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी २२ ऑक्टोबर १९९६ रोजी पोंटिफिकल विज्ञान अकादमीला पाठविलेल्या संदेशात उत्क्रांतीचा सिद्धांत केवळ तर्क राहिलेला नाही हे मान्य केले. त्याच संदेशात त्यांनी बजावले की माणसाला जातीचे किंवा समाजाचे निव्वळ साधन मानता येणार नाही. तो व्यक्ती आहे, त्याचे मोल त्याच्या ठायीच आहे.

पाटणच्या माणसांना हे तत्त्वज्ञान पुस्तकातून शिकावे लागले नाही. कोयनेचे धरण साठच्या दशकात उभे राहिले, महाराष्ट्राला वीज मिळाली आणि खोऱ्यातील गावे पाण्याखाली गेली. तेथील कुटुंबे सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशी पांगली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने उरलेल्यांची घरे पाडली. ही माणसे तगली, नव्या मातीत रुजली, यात शंका नाही. पण त्यांच्या तगण्याचे कौतुक करणाऱ्याने त्यांच्या जमिनीचा हिशेब विचारू नये काय? चिवटपणाची स्तुती पुष्कळदा देणे टाळण्याची सोय ठरते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याच तालुक्यातून असंख्य तरुण मुंबईच्या बंदरात आणि बाजारात पाठीवर ओझी वाहण्यासाठी गेले. ओझ्याने मान घट्ट होते, खांद्याला घट्टे पडतात. शरीर ताणाशी असे जुळवून घेते. मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील याच हमालांतून पुढे आले. खांदे आणखी घट्ट करा, असे त्यांनी आपल्या सोबत्यांना सांगितले नाही. त्यांनी संघटना बांधली, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कामगारांचा कायदा झाला. त्यामुळे ज्याचे नावही कोणत्या वहीत नसे, त्या हमालाची मंडळाकडे नोंद होऊ लागली, त्याला नियमित मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी मिळू लागला. पावसाला सड्यावर थांबवून ठेवणे वायतुऱ्याच्या हाती नसते. कायदा बदलणे माणसांच्या हाती होते.