पारितोषिक कोणाचें?

चित्रपटासाठीं मिळालेलें मानचिन्ह घेऊन मी घरीं आलों, त्या रात्रीं पत्नीनें तें पदरानें पुसून कपाटावर ठेवलें आणि विचारलें, "जेवण गरम करूं का?" त्या प्रश्नाचा मला क्षणभर राग आला, हें कबूल करतों. दिवसभर स्तुति ऐकून कान लाडावलेले असतात!

जेवतां जेवतां सरस्वतीबाई फाळके आठवल्या. १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला, त्यामागें या बाईंचे हात होते. फिल्मला भोकें पाडावीं, रसायनें कालवावीं आणि शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करावा! दादासाहेब १९४४ सालीं नाशकास निवर्तले. त्यांच्या नांवाचें पारितोषिक १९६९ पासून दिलें जातें. उशीरां कां होईना, न्याय झाला. पण तो एका नांवाला झाला.

कोणी म्हणेल, कल्पना दादासाहेबांची, साहसहि त्यांचेंच. स्वयंपाक काय, कोणीहि केला असता. हा युक्तिवाद मलाहि पूर्वीं पटत असे. परंतु कल्पना ज्याची त्याचें श्रेय, हें मानलें तरी दुसऱ्याचें आयुष्य तींत खर्ची घालण्याचा अधिकार त्याला कोठून येतो? माझ्या पहिल्या चित्रपटाच्या वेळीं पत्नीच्या पाटल्या गहाण पडल्या. मी त्या मागितल्या नव्हत्या. तिनें आपण होऊन काढून दिल्या. तेवढ्यावर मी स्वतःस इतकीं वर्षें निर्दोष समजत आलों.

समारंभांत मी छायालेखकापासून दिवे उचलणाऱ्यांपर्यंत सर्वांचे आभार मानले. घरच्या माणसाचे आभार कसले मानायचे, असें तेव्हां वाटलें होतें. दुसऱ्या दिवशीं तिनें वर्तमानपत्रांतलें माझें भाषण शेवटपर्यंत वाचलें, घडी घातली, आणि कांहींच बोलली नाहीं.