मृगाच्या अलीकडे

दिवाळी आटोपली की पुण्या-मुंबईकडच्या नातलगांचे फोन सुरू होतात. "दादा, मुलांना एकदा सेवाग्राम दाखवायचंय. कधी येऊ?" पंचवीसेक वर्षं मी एकच उत्तर देत आलो : डिसेंबर-जानेवारीत या. उन्हाळ्यात तर मुळीच येऊ नका.

हे उत्तर खोटं नव्हतं. त्या दिवसांत वर्धा खरोखर देखणं असतं. पवनारला धाम नदीच्या पात्रावर सकाळी धुकं उतरलेलं असतं. विनोबांच्या आश्रमातून खाली खडकांकडे बघत तासभर बसावं, कुणी उठवत नाही. १९३८ साली विनोबा इथे राहायला आले, जमीन खणताना जुन्या मूर्ती सापडल्या आणि भरत-रामाच्या भेटीचं ते शिल्प आजही तिथे बघायला मिळतं. नदीतल्या छत्रीपाशी १२ फेब्रुवारी १९४८ ला गांधीजींच्या अस्थी सोडल्या, म्हणून दर वर्षी त्या दिवशी मेळा भरतो. शहराबाहेर पडलं की वावरात पऱ्हाटी फुटलेली, तुरीच्या शेंगा भरलेल्या. घरात सोलेभात आणि चुलीवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, एखाद्या रविवारी शेतात रोडग्यांचा बेत. पाहुणा तृप्त होऊन जातो. जाताना गोरसपाकाचे पुडे नेतो आणि पुण्याला पोचल्यावर फोन करतो, की फार छान हवा होती.

हवा छान होती, हेच तो आठवणीत नेतो. याची खंत मला फार उशिरा वाटू लागली.

चार-पाच वर्षांपूर्वी माझी मामेबहीण जूनच्या पहिल्या आठवड्यात आली. रजा तेव्हाच मिळाली होती, बरोबर पंधरा वर्षांची मुलगी. नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, नुकताच संपला होता, पारा चव्वेचाळीसच्या खाली यायला तयार नव्हता. मी मनातून धास्तावलो. कूलरच्या ताट्यांना नवा वाळा भरला, माठ दोन केले, कैरीचं पन्हं करून ठेवलं. दुपारी बारा ते पाच कुणीही दाराबाहेर पडायचं नाही, असा दंडक घातला. पण परतीची गाडी दुसऱ्या दिवशी रात्रीची होती आणि मुलीला बापूकुटी बघायची होतीच. शेवटी तीनच्या सुमारास डोक्याला दुपट्टे गुंडाळून आम्ही निघालो.

अंगणातली रेती पायाला चटके देत होती. कुटीच्या उतरत्या छपराखाली वाकून शिरलो आणि आत पाऊल टाकताच मुलगी थांबली. तिनं भिंतीला तळहात लावला. मग दुसरा. सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. माती, बांबू, वर कवेलू. ही कुटी मी शेकडो वेळा दाखवली आहे आणि दर वेळी साधेपणाबद्दल चार वाक्यं बोललो आहे. त्या दुपारी एकही बोलावं लागलं नाही. जाड भिंत, खाली उतरलेला ओसारा, वाऱ्याला वाट देणारी जाळी, हे सगळं कशासाठी आहे ते तिच्या तळहातांना कळत होतं. डिसेंबरात ती कुटी एक सुंदर झोपडी असते. जूनच्या दुपारी ती उन्हाला दिलेलं उत्तर असते.

तेव्हापासून मी या कुटीत आलेल्या दोन परदेशी पाहुण्यांचा विचार करतो. विचारवंत इव्हान इलिच जानेवारी १९७८ मध्ये सेवाग्रामला आला. कुटीत शांत बसला आणि त्या बसण्यातून त्यानं मोठा विचार मांडला : घर माणसासाठी असतं की सामानसुमानासाठी, आणि सोयी वाढत जातात तसा माणूस त्यांच्यावर अधिकाधिक अवलंबून कसा होतो. दुसरा पाहुणा अमेरिकन पत्रकार लुई फिशर. तो जून १९४२ मध्ये आठवडाभर आश्रमात राहिला. उकाडा इतका, की पत्र्याच्या टबात पाणी भरून, त्यात लाकडी खोकं ठेवून तो त्यावर बसे आणि टबाबाहेरच्या दुसऱ्या खोक्यावर टंकलेखनयंत्र ठेवून गांधीजींशी झालेल्या बोलण्याची टिपणं काढी. घाम आला की अंगावर वाटीभर पाणी ओती. पुढे महिन्याभरानं, १४ जुलैला, काँग्रेस कार्यकारिणीनं वर्ध्यात तो ठराव केला, ज्यातून ऑगस्टचं 'छोडो भारत' उभं राहिलं. फिशरच्या लेखनात त्या दिवसांची जी धग आहे ती काही नुसती राजकारणाची नाही. इलिचला कुटीचा अर्थ हिवाळ्यातही लागला, हे मला मान्य आहे. पण इलिच होण्याची ताकद सगळ्यांकडे नसते. आपल्यासारख्यांना ऋतूची मदत लागते.

आपण 'सीझन' म्हणतो तो पाहुण्याचा असतो. आमच्याकडे शेतकरी 'हंगाम' म्हणतो, तो गावाचा असतो. इंग्रजीतून बघितलं तर दोन्ही एकच, पण व्यवहारात एकमेकांकडे पाठ करून उभे. सीझनमध्ये गाव पाहुण्याची बडदास्त ठेवतं. हंगामात गावाला स्वतःकडे बघायलाही फुरसत नसते. पूर्वीचा प्रवास बराचसा हंगामाला धरून होता. आषाढी वारी अंगाला सुखाची म्हणून पावसाळ्यात निघत नाही. चिखल, सरी, उघड्यावरचे मुक्काम हे सगळं असतंच. पण पेरणी उरकलेली असते, म्हणून शेतकरी निघू शकतो. प्रवासाची तिथी काम ठरवत होतं, शरीर नव्हे. आपण ती शरीराच्या हाती दिली. शरीराचा हक्क मी नाकारत नाही, पण सगळंच त्याला विचारून ठरवलं तर प्रत्येक गाव आपल्याला फक्त त्याच्या बऱ्या दिवसांतच भेटतं. ज्या माणसाला आपण केवळ सणासुदीला भेटलो, त्याला ओळखतो असं आपण म्हणू का?

गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला वर्ध्यातल्या मगनवाडीतून पायी शेगावला राहायला आले. (सेवाग्राम हे नाव पुढे १९४० मध्ये पडलं.) वैदर्भीय माणसाला या तारखेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. एप्रिल अखेरीस कुणी बिऱ्हाड हलवत नाही. मात्र याच गोष्टीचा दुसरा अर्धा भाग आपण सहसा सांगत नाही, तोही सांगायला हवा. थोड्याच दिवसांत, मे महिन्यात, ते प्रकृतीसाठी सरदार पटेलांबरोबर म्हैसूर संस्थानातल्या नंदी टेकड्यांवर गेले आणि जूनच्या मध्यावर पाऊस सुरू होताना शेगावला परतले. मला हा तपशील फार धीर देणारा वाटतो. उन्हातून थंडाव्याला जाणं यात कमीपणा काही नाही. फरक इतकाच, की त्यांनी आधी त्या गावाचा उन्हाळा स्वतःचा मानला होता, आणि ते परत आले ते नेमके पेरणीच्या तोंडावर.

त्या संध्याकाळी कुटीतून परतताना आम्ही रस्त्याकडेच्या एका वावराशी थांबलो. काळी जमीन वखरून तयार होती. न वखरलेल्या धुऱ्यापाशी मात्र अशा भेगा, की मुलीचा पंजा मनगटापर्यंत आत गेला. धुऱ्यावर एक म्हातारे शेतकरी पश्चिमेकडे तोंड करून बसले होते. तिनं विचारलं, "काका, पाऊस आला नाही तर?"

"नाही आला तं थांबाचं," ते म्हणाले. "आला, सरकी टोबली, अन् मंग खंड पडला, तं बियाणं दुसऱ्यांदा घ्या लागते."

दुबार पेरणी हा शब्द तिनं बातम्यांत ऐकला असेल. इथे तो एका माणसाच्या तोंडून, त्याच्या घरात ठेवलेल्या बियाण्याच्या पाकिटांसकट तिच्यासमोर आला. मग काकांनी तिला बरंच काही सांगितलं. रोहिण्या कोरड्या गेल्या, मृगाचं वाहन या वेळी कोणतं आहे, एक चांगला पाऊस झाला म्हणून लगेच टोबायचं का नाही, जमीन किती बोटं ओली व्हावी लागते. अर्धा-पाऊण तास गेला. पेरणी लागली असती तर त्यांना एवढा वेळ नसता. म्हणून मला हा पंधरवडा मोलाचा वाटतो : नवतपा सरल्यावर आणि मृगाचा पाऊस पडायच्या आधीचा. मशागत झालेली असते, बी घरात असतं, आणि अख्खा जिल्हा एकाच गोष्टीची वाट बघत असतो. पाहुण्याचा बोजा होत नाही, आणि गाव सजूनही बसलेलं नसतं. डिसेंबरात ज्या पांढऱ्या बोंडांपुढे फोटो काढतात, त्यांचं भवितव्य याच दिवसांत ठरतं.

म्हणून आता फोनवर माझं उत्तर लांबतं. घरात म्हातारं माणूस, तान्हं मूल किंवा हृदयाचं दुखणं असेल तर हिवाळाच बरा, हे मी आधी सांगतो. ऊन लागून माणसं दगावतात, त्यात धाडस शोधू नये. बोरचं जंगल बघायचं तर पावसाळा टाळा, तेव्हा ते बंद असतं. लहान मुलं असतील तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या, सिंदी रेल्वे या गावच्या तान्ह्या पोळ्यातले लाकडी नंदी मोठ्या माणसांनाही मान वर करून बघावे लागतात. आणि धडधाकट असाल, वर्धा समजून घ्यायचं असेल, तर एकदा मृगाच्या अलीकडे या. सकाळ-संध्याकाळ फिरा, दुपारी कूलरसमोर झोपा, पण एक दुपार कुटीसाठी ठेवा.

बहीण आणि भाची पाऊस न बघताच परत गेल्या. जूनच्या शेवटी भाचीचा फोन आला. मला वाटलं, अकरावीच्या प्रवेशाचं काही असेल.

"मामा, पाऊस आला ना तुमच्याकडे? त्या काकांनी टोबलं का?"

पाऊस आला होता, पण काकांचं मलाही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी गाडी काढून त्या वावराकडे गेलो. भेगा बुजल्या होत्या. धुऱ्यावर कुणी नव्हतं. वाकून पाहिलं, तर तासातासातून सरकी दोन पानांवर आलेली होती.