साल्ट लेकची बरोबरी

मोसमातल्या पहिल्या सामन्याला गुण शेवटच्या सामन्याएवढेच असतात. जिंकलं तर तीन, बरोबरीला एक, हरलं तर काही नाही. पण चाहता हे कधी मानत नाही. पहिला सामना संपायच्या आत तो अख्ख्या वर्षाची पत्रिका मांडून मोकळा होतो. यंदा बचाव कच्चा आहे, कोचचं डोकं ठिकाणावर नाही, गेल्या वर्षीचा तो होता तो जायला नको होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाबरोबर ही पत्रिका शेजाऱ्यालाही ऐकावी लागते.

मी मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचा चाहता आणि राहतो कारंज्यात. त्यामुळे शेजारी पत्रिका ऐकण्याआधी भलतंच विचारतो, "काऊन बाप्पा, तुहा अन् मुंबईचा काय संबंध?"

प्रश्न रास्त आहे. मुंबई इथून सहाशे किलोमीटरांच्या वर. शकुंतला ही गाडी बंद पडल्यापासून गावाला रेल्वे नाही, मुंबईची गाडी धरायची तर मूर्तिजापूर गाठावं लागतं. मुंबईबद्दल वैदर्भीय माणसाच्या मनात जे काय आहे ते आहेच, त्यात सकाळी सकाळी शिरायला नको. शिवाय त्या संघात मुंबईचं तरी कोण? 2024 चा संघ घ्या. कर्णधार लालियानझुआला छांगते मिझोरमचा, बचावात तिरी स्पेनचा आणि थाएर क्रूमा सीरियाचा, प्रशिक्षक पीटर क्रात्की चेक. अस्सल मुंबईकर राहुल भेके आदल्या मोसमात कर्णधार होता. करंडक उचलला आणि बेंगळुरूला गेला. कोल्हापुरात असं नसतं. तिथे पाटाकडील किंवा दिलबहार संघाचं नाव काढलं की पेठ आली, तालीम आली, गल्ली आली. शाहू स्टेडियमवर कुठल्या बाजूने ओरडायचं ते पाळण्यातच ठरतं. आम्हाला संघ निवडावा लागतो आणि निवडल्याबद्दल जबाब द्यावा लागतो.

मी देत नाही. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव. मुंज झाल्यावर आईवडिलांचा निरोप घेऊन ते काशीला निघाले, आणि पुढे नाव झालं ते औदुंबर, नरसोबाची वाडी, गाणगापूर इथे. वाडीच्या माणसाला कुणी विचारत नाही की महाराज तर वऱ्हाडातले, तुमचे कसे? ज्यांनी आपलं म्हटलं त्यांचे ते झाले. आमच्या गुरुमंदिराजवळ परजिल्ह्यांतल्या, परराज्यांतल्या नंबरांच्या गाड्या उभ्या असतात. त्यातल्या एकालाही स्पष्टीकरण द्यावं लागत नाही. मला तरी का मागावं? (महाराजांची आणि फुटबॉलची सांगड घातली म्हणून आई रागावेल. पण ती हे वाचत नाही.)

तर 13 सप्टेंबर 2024, शुक्रवार. आदल्याच दिवशी महालक्ष्म्या उठल्या होत्या. पुण्या-मुंबईकडे गौरी म्हणतात, त्याच. मुखवटे मऊ धोतरात गुंडाळून पेटीत गेले होते, फुलोऱ्यातल्या करंज्या डब्यात उतरल्या होत्या आणि निम्मे पाहुणे अजून घरात होते. संध्याकाळी साडेसातला कोलकात्याच्या साल्ट लेकवर लीगच्या नव्या मोसमाचा पहिलाच सामना, मोहन बागान विरुद्ध मुंबई सिटी. मोहन बागान 1889 चा क्लब. 1911 साली ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा त्यांचे बहुतेक खेळाडू अनवाणी होते. आमचा क्लब 2014 चा, त्यांच्यापुढे कालचं पोर. पण याच मैदानावर 15 एप्रिलला त्यांनी आम्हाला 2-1 ने हरवून तक्त्यात पहिल्या येणाऱ्याची लीग शील्ड नेली होती, आणि 4 मे रोजी आम्ही त्यांना 3-1 ने हरवून बाद फेरीचा करंडक आणला होता. दोन्हीकडे हिशेब बाकी होता.

नवव्या मिनिटाला पहिला गोल झाला. तो आमच्या तिरीने केला, आमच्याच जाळ्यात. हा तिरी पूर्वी मोहन बागानकडूनच खेळलेला. आतेभाऊ करंजी चावत म्हणाला, "जुन्या मालकाचं मीठ खाल्लं होतं, फेडलं." अठ्ठाविसाव्या मिनिटाला अल्बर्टो रॉड्रिगेजने दुसरा गोल टाकला. त्यात ग्रेग स्टुअर्ट आणि अपुइया आता तिकडच्या चमूत, दोघंही आमच्याकडून गेलेले. चाहत्याला हे फार लागतं. परक्याकडून हरलं तर नुसतं वाईट वाटतं, कालच्या आपल्या माणसाला समोरच्या जर्सीत पाहिलं की पोटात कालवतं. मध्यंतराला मांडवातून आरतीची हाक आली आणि खोली रिकामी झाली. सगळ्यांची पत्रिका मांडून झाली होती.

मला त्या वेळी तिरीच दिसत होता. फलंदाज शून्यावर बाद झाला तर निदान तंबूत जाऊन पॅड सोडत बसू शकतो. स्वयंगोल केलेल्या बचावपटूला ती सोय नाही. उरलेली ऐंशी मिनिटं त्याच गवतावर, त्याच जागी, हजारो लोक आपल्या चुकीवर नाचताना पाहत काढायची. चेंडू पुन्हा त्याच्याकडेच येतो. पुन्हा कोणीतरी अंगावर धावून येतं, आणि तेव्हा मागचं आठवत बसला तर तिसरा गोल ठरलेला. खंत करायची तर त्याने सामन्यानंतर करावी, मधे वेळच नाही. सत्तराव्या मिनिटाला गोल झाला आणि करणारा पुन्हा तिरी, या वेळी योग्य बाजूला. नव्वदाव्या मिनिटाला क्रूमाने बरोबरी साधली. मी इतक्या जोरात ओरडलो की देवघरातून आईने विचारलं, "काय सांडलं रे?"

सकाळी नवी पत्रिका तयार होती: हा संघ मागून येणारा आहे, यंदा आपणच. आणि मोहन बागान? घरच्या मैदानावर दोन गोलांची आघाडी घालवणारे काय जिंकणार! पुढे काय झालं ते तक्त्यात आहे. मोहन बागानने 56 गुणांनी शील्ड घेतली आणि 12 एप्रिल 2025 ला बेंगळुरूला हरवून करंडकही नेला. आम्ही 36 गुणांवर, सहावे. बाद फेरीत 29 मार्चला त्याच बेंगळुरूने आम्हाला 5-0 ने धुतलं. मध्यंतराची पत्रिका आणि सकाळची पत्रिका, दोन्ही एकाच केराच्या टोपलीत.

म्हणून पहिल्या सामन्याला भाव देऊ नये, असं शहाणी माणसं सांगतात. मी पटवूनही घेतलं असतं, पण मधे 2025 आलं. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार डिसेंबरात संपत होता, पुढचं ठरेना, म्हणून जुलैतच लीग स्थगित झाली. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. 1 सप्टेंबरला महालक्ष्म्या जेवल्या, दुसऱ्या दिवशी उठल्या, फुलोरा डब्यात गेला, सोयाबीन निघालं, दिवाळी झाली. सामना काही आला नाही. लीगची सुरुवात थेट फेब्रुवारी 2026 वर गेली, तीही आखडलेल्या वेळापत्रकावर. त्या महिन्यांत कळलं की चुकीची का होईना, पत्रिका मांडायला आधी सामना लागतो. हरलेल्या सकाळी निदान भांडायला विषय असतो. तेव्हा शेजाऱ्यानेही मुंबईशी काय संबंध म्हणून विचारणं सोडलं होतं, आणि त्याचं मला पराभवापेक्षा जास्त वाईट वाटत होतं.

आता साल्ट लेकच्या त्या रात्रीचा हिशेब. तक्त्यात तिचा एकच गुण दिसतो. मोसमाअखेर सातवा ओडिशा आमच्यापेक्षा तीन गुणांनी मागे राहिला, म्हणजे तो एक गुण नसता तरी आमचं सहावं स्थान कुठे जात नव्हतं. पण दोन गोल मागून, तेही मोहन बागानच्या घरात? माझ्या लेखी ती बरोबरी जिंकल्यातच जमा.