अण्वस्त्रचाचणीचा जमाखर्च

कोणत्याही कृत्याचे लाभ व हानि तराजूंत घालावयाचीं तर तीं कोणाच्या वांट्यास येतात आणि किती काळ टिकतात, हें प्रथम पाहिलें पाहिजे. अण्वस्त्रांच्या चाचण्यांविषयीं वाद करतांना मात्र लाभ किती मोठा, एवढेंच बहुधा पाहिलें जातें.

लाभाच्या आयुष्याचें एक उदाहरण मराठवाड्यांतच आहे. गेवराई तालुक्यांत गोदावरीच्या कांठीं राक्षसभुवन येथें १० ऑगस्ट १७६३ रोजीं माधवराव पेशव्यांनीं निजामाच्या सैन्याचा पराभव केला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर रणांत पडला. विजय निर्विवाद होता. तथापि १७९५ मध्यें खर्ड्यास त्याच दोन सत्ता पुन्हा लढल्या. बत्तीस वर्षें एवढेंच त्या निकालाचें आयुष्य! परंतु त्या युद्धाची हानिही मनुष्याच्या मापाची होती. रणांगणाची भूमि पुढें कसणाऱ्यांना विषारी झाली नाहीं.

अणुस्फोटाची गोष्ट वेगळी. १ मार्च १९५४ रोजीं अमेरिकेनें पॅसिफिक महासागरांत बिकिनी येथें हायड्रोजन बाँबची चाचणी केली. जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर असलेल्या एका जपानी मासेमारी नौकेवर किरणोत्सारी राख पडली, आणि तिच्या तेवीस खलाशांपैकीं आयकिची कुबोयामा त्याच वर्षीं मरण पावला. रोंगेलॅप बेटावरील लोकांस घरें सोडावीं लागलीं. युद्ध नव्हतें, त्यांचें कोणाशीं वैर नव्हतें, त्यांची संमति कोणीं विचारली नव्हती. अशा स्फोटांतील स्ट्राँशियम-९० गवतांतून दुधांत व दुधांतून मुलांच्या हाडांत उतरतें. तें निम्में होण्यास सुमारें २९ वर्षें, तर प्लुटोनियम-२३९ निम्में होण्यास सुमारें २४,००० वर्षें लागतात.

पुरस्कर्ते म्हणतील कीं, पोखरण म्हणजे बिकिनी नव्हे. हें खरें आहे. भारतानें हवेंत एकही स्फोट केला नाहीं. १९७४ व १९९८ चे स्फोट भूमीखालीं झाले. १९६२ त युद्ध करणाऱ्या चीननें १९६४ त अणुस्फोट केल्यावर शेजाऱ्यानें स्वस्थ बसावें, असें सांगणेंही सोपें नव्हतें. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांतील शास्त्रज्ञांचें, त्यांत दोन्ही चाचण्यांत सहभागी असलेल्या डॉ. अनिल काकोडकरांचें, कर्तृत्व आम्ही लहान मानीत नाहीं.

परंतु येथेंही लाभाचें आयुष्य मोजलें पाहिजे. १३ मे १९९८ रोजीं भारताच्या चाचण्या संपल्या. २८ मे रोजीं पाकिस्तानानें चागई येथें उत्तर दिलें. राक्षसभुवनाचा निकाल बत्तीस वर्षें टिकला, पोखरणचें वर्चस्व पंधरा दिवस. आणि पुढच्याच वर्षीं कारगिलचें युद्ध झालें. धाक कांहीं उरला असेल, पण तो अस्त्राचा आहे. त्यासाठीं नवी चाचणी लागली नाहीं. २००९ मध्यें के. संथानम् यांनीं १९९८ च्या हायड्रोजन अस्त्राच्या स्फोटाविषयीं शंका घेतली, काकोडकरांनीं ती नाकारली. अशा प्रत्येक शंकेस स्फोटानेंच उत्तर द्यावयाचें ठरलें, तर चाचण्यांना अंत राहणार नाहीं.

म्हणून आमचा निर्णय असा. चाचणीचा लाभ सापेक्ष आहे. शेजाऱ्यानें तेंच केलें कीं तो ओसरतो. हानि निरपेक्ष आहे. शेजाऱ्याच्या स्फोटानें ती फिटत नाहीं, उलट वाढते. हवेंतील चाचणीस तर समर्थनच नाहीं, कारण तिचें मोल तिऱ्हाइतांनीं भरलें. भूमिगत चाचणीस आपद्धर्म म्हणून एकदां क्षमा करतां येईल. परंतु आपद्धर्माचा नित्यधर्म करणाऱ्या राष्ट्रास, मग तें आपलें कां असेना, ती मागण्याचा अधिकार उरत नाहीं.