संकल्प आणि सांधा

मनुष्याला आपले हित कळते, ते करावे असे त्याला मनापासून वाटते, करण्याचा निश्चयही तो करतो, आणि तरीही त्याच्या हातून ते घडत नाही, हा धर्मविचाराच्या मुळाशी असलेला एक अत्यंत जुना कूटप्रश्न आहे. धर्म मला समजतो, परंतु त्याकडे माझी प्रवृत्ती होत नाही, अशा आशयाची कबुली परंपरेने दुर्योधनाच्या तोंडी घातली आहे. ती खलपुरुषाची कबुली म्हणून आपण बाजूस सारतो खरे, परंतु पहाटे उठून नामस्मरण करण्याचा नेम धरून आठवड्याच्या आत तो मोडणाऱ्या सज्जन गृहस्थाची अवस्था तिच्याहून फारशी निराळी नसते. या प्रश्नाचा विचार मठात आणि पाठशाळेत पुष्कळ झाला आहे. तो छत्रपती संभाजीनगरातील एखाद्या मोटारदुरुस्तीच्या गॅरेजातही करता येतो, आणि माझ्या मते तेथे तो अधिक नेमकेपणाने करता येतो.

मराठवाड्यात जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून घेण्याची चाल एके काळी चांगलीच रुळलेली होती. डिझेल स्वस्त पडे, आणि शेताच्या कच्च्या वाटेवर कमी फेऱ्यांत जोर धरणारे ते इंजिन उपयोगीही पडे. अशी गाडी नव्या इंजिनासह बाहेर निघते, चावी फिरवताच सुरू होते, उभ्या जागी आवाजही ठणठणीत देते. परंतु रस्त्यावर येऊन पायाने रेस दिली की क्षणभर काहीच घडत नाही, गाडी अडखळते, आणि मग नाइलाजाने सरकावे तशी पुढे सरकते. मालक परत येऊन सांगतो, "उस्ताद, गाडी पिकअपच घेत नाही," आणि त्याच दमात निदानही करून टाकतो की इंजिनच खराब निघाले.

या गाडीविषयी दोन प्रश्न संभवतात. पहिला असा की इंजिन बदलल्यावर ही गाडी तीच राहिली काय, आणि दुसरा असा की ती चालकाचे ऐकत का नाही. पहिल्या प्रश्नाचे सरकारी उत्तर परिवहन खात्याच्या दफ्तरात मिळते. नोंदणीच्या दाखल्यावर चासीचा क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक असे दोन्ही नमूद असतात; १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मालकाला परस्पर फेरफार करण्याची मुभा देत नाही; परंतु रीतसर मान्यता घेऊन इंजिन बदलले, तर दाखल्यावरील मजकुरात तेवढी दुरुस्ती होते आणि एमएच २० ने आरंभ होणारी पाटी त्याच गाडीवर कायम राहते. सरकारच्या लेखी गाडीचे एकत्व सांगाड्यात आहे, शक्तीत नाही. व्यवहाराला एवढे पुरते. तत्त्वचिंतकाला मात्र पुरत नाही.

तत्त्वचिंतकाच्या उत्तरासाठीही या शहराबाहेर जाण्याचे कारण नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत १९५० साली येथे महाविद्यालय काढले. पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले, आणि त्याच्या परिसराला नागसेनवन म्हणतात. ज्या संवादावरून ही नावे आली, त्यात ग्रीक वंशाचा राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला त्याच्या स्वत्वाविषयी विचारतो, आणि नागसेन राजाला तो ज्या रथातून आला त्याविषयी उलट प्रश्न करतो. दांडी म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, चाके, साटा, जू, लगाम यांपैकी कोणता रथ, असे एकेक विचारून, प्रत्येकाला राजाकडून नकार घेऊन, या सर्वांच्या आश्रयाने रथ ही केवळ संज्ञा प्रवृत्त होते, हे तो त्याच्याच मुखाने वदवून घेतो. रथाचा प्राण म्हणावा असा एखादा भाग रथात शोधून सापडत नाही.

या युक्तिवादाचा उपयोग आपण बहुधा आत्म्याच्या अस्तित्वाविषयीच्या वादात करतो आणि तेथेच थांबतो. परंतु त्यातून एक व्यावहारिक अनुमान निघते, आणि मला ते अधिक मोलाचे वाटते. रथाचे रथपण जर कोणत्याही एका भागात नसून भागांच्या परस्परसंबंधात असेल, तर रथाचा दोषही पुष्कळदा कोणत्याही एका भागात नसून त्या संबंधातच असला पाहिजे. इंजिन निर्दोष, पेडल निर्दोष, चाके निर्दोष, आणि तरीही गाडी ऐकत नाही, ही गोष्ट मग विरोधाभासाची राहत नाही. येथे पहिला प्रश्न दुसऱ्यात विलीन होतो, आणि तो कसा सुटतो हे गॅरेजात डोळ्यांनी पाहता येते.

अनुभवी उस्ताद इंजिन खोलण्याचे नावही काढत नाही. तो पोऱ्याला चालकाच्या जागी बसवतो, "दाब, पूर्ण दाब, आणि धरून ठेव," असे सांगतो, आणि स्वतः बॉनेटखाली वाकून डिझेल पंपाच्या लिव्हरकडे पाहतो. आत पेडल तळाच्या पत्र्याला टेकलेले असते. येथे लिव्हर मात्र आपल्या शेवटच्या स्क्रूपासून बोटभर अलीकडे थांबलेली असते. चालकाने सर्वस्व दिले आहे, इंजिनापाशी देण्यासारखे पुष्कळ शिल्लक आहे, आणि मधल्या सळईने निम्म्यावरच हात आखडता घेतला आहे. कारण ही सळई पूर्वीच्या इंजिनाच्या मापाची. त्या पेट्रोल इंजिनात पायाचा दाब कार्ब्युरेटरातील झडप उघडून हवेला वाट देत असे आणि हवेच्या ओढीने इंधन येत असे. पुष्कळशा जुन्या डिझेल इंजिनांत हवा अनिर्बंध आत येते आणि पायाचा दाब इंधनाचा पुरवठा ठरवतो. पेडल तेच, पाय तोच, परंतु आज्ञेचा अर्थ मुळातूनच बदललेला. आणि ती आज्ञा वाहून नेणारी सळई जुन्याच अर्थाला धरून बसलेली. उस्ताद ती लिव्हरच्या आसाजवळच्या छिद्रात अडकवतो, म्हणजे तेवढ्याच ओढीने लिव्हर अधिक फिरते. पुन्हा पेडल दाबून घेतो. आणि पाय काढल्यावर लिव्हर मंद चालीच्या स्क्रूवर पूर्ण परतते की नाही, हेही तितक्याच कसोशीने पाहतो. प्रवृत्तीइतकीच निवृत्तीही बिनचूक असावी लागते, हा धडा तो न बोलता देतो.

एवढ्याने काम भागले नाही, तर तो पुढच्या सांध्याकडे वळतो. डिझेलच्या नळीत तो पारदर्शक नळीचा एक तुकडा जोडतो आणि इंजिन चालू ठेवून पाहत राहतो. त्यात बुडबुडे धावताना दिसले, की टाकीपासून पंपापर्यंतच्या एखाद्या सैल जोडातून लाइन हवा घेते आहे हे उघड होते. जोड कसून, फिल्टरचा स्क्रू सैल करून, हातपंपाने तो निर्भेळ डिझेल येईपर्यंत हवा काढतो. मग धुराचा रंग पाहतो. काळा असेल तर हवेची वाट तुंबली असावी, पांढरा आणि चाल जड असेल तर पंपाचे टायमिंग मागे पडले असावे. आजच्या गाड्यांत सळईच्या जागी पेडलवरचा सेन्सर आणि संगणक आला आहे. तेथेही इंजिन बदलल्यावर झडप मिटलेली केव्हा आणि उघडलेली केव्हा हे त्या संगणकाला नव्याने शिकवावे लागते, आणि अर्थिंगची एखादी गंजलेली तार उत्तम इंजिनाला मंदबुद्धी करून सोडते. पद्धत मात्र बदलत नाही. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, परिणाम पाहायचा, आणि सर्व सांधे तपासल्याशिवाय इंजिनावर ठपका ठेवायचा नाही.

कठोपनिषदातही रथ आहे. तेथे आत्मा रथाचा स्वामी, शरीर रथ, बुद्धी सारथी आणि इंद्रिये घोडे. आणि मनाला स्थान दिले आहे ते लगामाचे, म्हणजे दोहोंना जोडणाऱ्या सांध्याचे. त्या उपनिषदाला चिंता आहे ती उधळणाऱ्या घोड्यांची, आणि तिला अनुसरून आपल्या धर्मोपदेशाने निग्रहाचे माहात्म्य शतकानुशतके गाइले. परंतु उधळण्याइतकाच दुसराही एक व्याधी आहे, तो म्हणजे न हलण्याचा. आणि त्याच्यावर आणखी लगाम खेचणे हा उपाय नव्हे. नेम मोडला की मनुष्य स्वतःला पापी ठरवतो, अथवा श्रद्धाच उणी होती असे म्हणून गुरू बदलतो, पंथ बदलतो, अधिक कडक व्रत धरतो. गाडीचा मालकही इंजिनामागून इंजिन बदलू शकेल. सळई जोवर जुन्या मापाची आहे, तोवर प्रत्येक नवे इंजिन त्याला खराबच भासेल. ज्या घरात रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात, त्या घरातील पहाटेचा नेम श्रद्धेच्या अभावी मोडत नाही, दिवे मालवण्याच्या वेळेशी त्याचा सांधा जुळलेला नसतो म्हणून मोडतो.

हे ज्यांनी पूर्णपणे ओळखले होते त्यांच्यात बाबासाहेबांची गणना मी पूर्ण आदराने करतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि आपल्या लक्षावधी अनुयायांना दिली, तेव्हा शरणगमन आणि पंचशील यांवर ते थांबले नाहीत. त्यांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या वाचताना लक्षात येते की त्यांतील कित्येकांचा रोख थेट घरगुती आचारावर आहे: श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, दारू पिणार नाही. श्रद्धा एका दिवसात पालटू शकते, परंतु पितृपक्ष दरवर्षी येतो, मर्तिकाच्या वेळी शेजारीपाजारी जुनेच विधी सुचवतात, आणि नवी श्रद्धा नेमकी त्या ठिकाणी जुन्या सळईला अडकते. ज्याला मन्वंतर घडवायचे होते, त्याने त्या एकेका सांध्यावर बोट ठेवले.

आणि छत्रपती संभाजीनगरापासून जवळ असलेल्या देवगिरीच्या किल्ल्याशी एक आख्यायिका निगडित आहे. पैठणचे एकनाथ सोळाव्या शतकात तेथे जनार्दनस्वामींच्या सेवेत होते. स्वामी सुलतानाच्या पदरी किल्लेदार, आणि जमाखर्चाचे काम नाथांकडे. एकदा हिशेबात एका पैची चूक राहिली. ती शोधण्यात नाथांनी रात्र घालवली, आणि सापडताच हर्षभराने टाळी वाजवली. एका पैचा घोळ मिटल्याचा एवढा आनंद, तर संसारातली मोठी चूक मिटल्यावर किती होईल, असे स्वामी म्हणाले, अशी कथा आहे. तिचे तात्पर्य एकाग्रता असे सांगतात. मला तीत आणखी एक गोष्ट दिसते: नाथांनी वही फाडून नवी घातली नाही, की मी हिशेबाला नालायक म्हणून स्वतःला दूषणही दिले नाही, प्रत्येक रकमेचा तिच्या पुढच्या रकमेशी मेळ घालीत ते गेले, आणि चूक जेथे होती तेथेच ती त्यांना सापडली.

यावर असा आक्षेप येईल की या विचाराने साधना केवळ कारागिरी होऊन बसते, आणि ईश्वरकृपेला जागाच उरत नाही. मला तसे वाटत नाही. इंजिन खरोखरच झिजलेले असते असेही प्रसंग असतात, आणि तेथे सांधे कितीही जुळवले तरी व्यर्थ. तसेच श्रद्धेचा झराच आटलेला असेल तर तो वाहता करणे मनुष्याच्या एकट्याच्या हाती आहे, असे मी म्हणत नाही. परंतु तो निर्णय अखेरचा आहे, आरंभीचा नव्हे. कृपा होऊनही जी आचारात उतरत नाही, तिला वाट करून देणे हे भक्ताचेच काम, आणि ते करण्याआधी कृपाच झाली नाही अशी तक्रार करण्याचा त्याला अधिकार पोहोचत नाही. जो आपल्या संकल्पापासून आपल्या कृतीपर्यंतचा मार्ग एकेका जोडाने, संथपणे, स्वतःवर न रागावता तपासून पाहतो, तो माझ्या लेखी उपासनाच करीत असतो. आणि धर्म शिकवणाऱ्यांनी संकल्पाची थोरवी सांगण्यात जेवढी वाणी खर्च केली, तिचा निम्मा भाग जरी हे तपासणे शिकवण्यात खर्च केला, तरी पुष्कळ प्रामाणिक माणसे स्वतःला पापी समजण्याच्या दुःखातून सुटतील आणि चालू लागतील.