विवेकाची किंमत

धर्मगुरूने राजकारणात पडावे की पडू नये, या प्रश्नाचे नियमाच्या भाषेतील उत्तर आज स्पष्ट आहे. १९८३ च्या कॅनन लॉमधील २८५ व्या कलमाने राज्यसत्तेत सहभाग असलेली सार्वजनिक पदे धर्मगुरूंना निषिद्ध ठरविली आहेत. परंतु नियम झाला म्हणजे त्यामागील नैतिक पेच सुटतोच असे नाही. आपला विवेक एक सांगतो आणि ज्यांना आज्ञापालनाचे वचन दिले ते बिशप दुसरे सांगतात, अशा वेळी माणसाने काय करावे? या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला फ्रान्समधील फादर झ्यूल लमीर यांचे चरित्र मोलाचे वाटते.

फ्रान्सच्या उत्तर टोकाला, फ्लांडर्समधील एका शेतकरी कुटुंबात १८५३ साली त्यांचा जन्म झाला. १८७८ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. आझब्रुक या लहानशा गावातील विद्यालयात ते शिकवीत असत. त्या काळी अनेक फ्रेंच कॅथलिकांना प्रजासत्ताक म्हणजे धर्माचे वैर वाटे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली कामगारांच्या प्रश्नावर परिपत्रक काढले आणि १८९२ साली फ्रेंच कॅथलिकांना प्रजासत्ताकाचा स्वीकार करण्याचे आवाहन केले. फादर लमीर यांनी दोन्ही गोष्टी मनापासून मानल्या. १८९३ साली ते आझब्रुकमधून संसदेवर निवडून आले आणि १९२८ साली मृत्यू येईपर्यंत खासदार राहिले.

निवडून येऊन काही महिनेच झाले होते. ९ डिसेंबर १८९३ रोजी ओग्यूस्त वायाँ या अराज्यवाद्याने प्रेक्षकांच्या सज्जातून सभागृहात खिळ्यांनी भरलेला बाँब फेकला. कोणाचा प्राण गेला नाही. परंतु जखमी अनेक झाले आणि त्यांत फादर लमीरही होते. वायाँला देहदंड ठोठावण्यात आला, तेव्हा त्याला जीवदान मिळावे म्हणून रदबदली करणाऱ्यांत हे जखमी धर्मगुरू होते. राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांनी दयेची याचना फेटाळली आणि फेब्रुवारी १८९४ मध्ये वायाँचा शिरच्छेद झाला.

फादर लमीर यांचे खरे काम मात्र अशा गाजलेल्या प्रसंगांत नाही. कारखान्यात राबणाऱ्या माणसाला जमिनीचा एखादा तुकडा मिळावा, त्यात त्याने भाजी पिकवावी, बायकामुलांसह मोकळ्या हवेत चार घटका घालवाव्यात, या साध्या विचारातून त्यांनी १८९६ साली एक संघ स्थापन केला. कामगारांच्या या परसबागांची परंपरा फ्रान्समध्ये आजही चालू आहे. कर्जापायी कुटुंबाचे राहते घर जप्त होऊ नये, यासाठी १९०९ साली झालेल्या कायद्यामागेही त्यांचे प्रयत्न होते.

पेच आला तो १९१४ साली. त्यांनी पुन्हा निवडणुकीस उभे राहू नये, अशी लीलचे बिशप शारो यांची आज्ञा होती. फादर लमीर उभे राहिले. त्यांना धर्मविधी करण्यास मनाई झाली. मतदारांनी त्यांना निवडून दिले आणि त्याच वर्षी ते आझब्रुकचे महापौर झाले. पाठोपाठ महायुद्ध आले. गाव आघाडीच्या मागेच होते. तोफांचा मारा त्याने सोसला. १९१६ साली पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी त्यांच्यावरील बंदी उठविली.

बिशपांची बाजू आम्हांला क्षुल्लक वाटत नाही. जो निवडणूक लढवतो त्याला विरोधक असतात. वेदीपुढे उभा राहणारा धर्मगुरू मात्र विरोधकांचाही असावा लागतो. प्रत्येकाने विवेकाचे नाव घेऊन आज्ञा मोडली, तर ख्रिस्तसभेत शिस्त उरणार नाही. दुसरीकडे, ख्रिस्तसभा धनिकांचीच आहे असे कामगार उघड बोलत असताना, त्यांच्या बाजूने संसदेत बोलणारा झगाधारी मनुष्य त्यांना कसा सोडवेल?

स्वतःच्या विवेकासाठी जो किंमत मोजतो तो खरा, असे आपण सहज म्हणतो. हा निकष अपुरा आहे. वायाँनेही आपल्या मताची किंमत प्राण देऊन मोजली. परंतु स्वतःची किंमत मोजण्यापूर्वी त्याने ती इतरांच्या शरीरांवर वसूल केली होती. म्हणून विचारावयाचा प्रश्न असा, की माझ्या विवेकाचे ऋण फेडतो कोण? फादर लमीर यांच्या निर्णयाची झळ कॅथलिक समाजातील ऐक्यालाही लागली असेल, हे आम्ही नाकारीत नाही. पण जड भार त्यांनी स्वतःकडे घेतला. धर्मगुरूला जे सर्वांत प्रिय, तो मिस्साबलिदानाचा अधिकार त्यांच्याकडून गेला. तरी त्यांनी ना झगा उतरविला, ना ख्रिस्तसभेकडे पाठ फिरविली.

बाँब फेकणाऱ्याविषयी त्यांनी सूड धरला नाही, आणि शिक्षा करणाऱ्या मातेसमान ख्रिस्तसभेशी नाते तोडले नाही. आज्ञा मोडणे आणि नाते मोडणे यांतील हा भेद फार सूक्ष्म आहे. तो जपण्याची ज्याची तयारी नाही, त्याने विवेकाचे नाव घेण्यापूर्वी थोडे थांबावे, असे आम्हांला वाटते.